इंटरप्टचा मान

मला युनिक्स येतं, असं मी मुलाखतीत सांगितलं होतं. ते खोटं होतं. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी कॉलेजच्या वाचनालयात युनिक्सवरचं, म्हणजे संगणक चालवणाऱ्या मूळ प्रणालीवरचं, एक जाडजूड पुस्तक होतं. त्याची पहिली दोन प्रकरणं मी वाचली होती आणि तिसऱ्यावर मला झोप लागली होती. पण समोर बसलेल्या तिघांना एक प्रकरणही येत नव्हतं. वासरांत लंगडी गाय शहाणी, तशी मी शहाणी ठरले आणि रत्नागिरीच्या बंदरावरच्या त्या मच्छीमार संस्थेत सहा महिन्यांच्या बोलीवर लागले. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी खेडची, वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये, आणि रत्नागिरीत राहायला आत्याचं घर. पहिला पगार झाला त्या दिवशी मी स्वतःच्या पैशांनी छत्री घेतली, आणि आता आपण काही खेडला परत जायचं नाही, असं मनाशी पक्कं केलं.

संस्थेने तीन संगणक का घेतले, हे सांगितलं तर आजही कोणाला खरं वाटत नाही. ठरावात 'कामकाजाच्या आधुनिकीकरणासाठी' असं लिहिलं होतं. ते ठरावात असतंच. खरं कारण असं, की बर्फाच्या खिडकीवरचे काका आणि डिझेलच्या खिडकीवरचे काका एकमेकांशी बोलत नव्हते.

होडी समुद्रात निघायची तर आधी डिझेल, मग बर्फ. किती दिवसांची फेरी आहे हे डिझेलवरून कळायचं आणि तेवढ्याच दिवसांचा बर्फ द्यायचा, असा संस्थेचा नियम. म्हणजे डिझेलच्या खिडकीने बर्फाच्या खिडकीला सांगायला हवं. दोन्ही खिडक्या एकाच अंगणात, समोरासमोर, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर. पण हाक मारणार कोण? मग खलाशी चिठ्ठी घेऊन पळायचे. चिठ्ठी भिजायची. नाही भिजली, तर बर्फवाले काका ती हातात न घेताच म्हणायचे की त्या माणसाचं अक्षर आपण वाचत नाही, तुम्ही वाचून दाखवा.

दोघं एकाच गावचे, दोन वेगळ्या भावक्यांतले. शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी निघते तेव्हा पुढचा पहिला खांदा बर्फवाल्यांच्या घराण्याचा. एका वर्षी एका अरुंद वळणावर डिझेलवाल्यांच्या थोरल्या भावाने तो खांदा आधी लावला. घाईत लावला की मुद्दाम, यावर गावात अजून दोन मतं आहेत. त्यानंतर सात शिमगे झाले, दोघांत शब्द नाही. अध्यक्ष पूर्वी तांडेल होते, अख्खी होडी दमात ठेवलेला माणूस. त्यांनी समजावलं, दम दिला, दोघांना शेजारी बसवून जेवू घातलं. दोघं जेवले आणि हात धुऊन दोन दिशांना गेले. शेवटी अध्यक्षांनी मुंबईच्या एका प्रदर्शनात वायरने जोडलेली दोन मशीनं बघितली आणि येऊन जाहीर केलं, की माणसं बोलत नसतील तर मशीनं बोलू देत.

मशीनं आली पावसाळ्याच्या तोंडावर. होड्या किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या, बंदर बंद, सगळ्यांना सवड. मुंबईच्या कंपनीचा माणूस आला, त्याने सचिवांच्या केबिनमधलं मुख्य मशीन चालू केलं, तिन्ही मशीनांमधून काळी केबल ओढली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने पळाला. त्याला सुक्या मासळीचा वास सहन होईना. जाताना माझ्या हातात दोन नेटवर्क कार्डं, एक फ्लॉपी आणि एक मॅन्युअल दिलं आणि म्हणाला, युनिक्स येतंच तुम्हाला, ड्रायव्हर तेवढे टाकून घ्या.

ड्रायव्हर या शब्दावर ऑफिसात जो विनोद झाला तो तुमच्याही मनात आलाच असेल. पहिल्या आठवड्यात तो मी चौदा वेळा ऐकला. पंधराव्या वेळी मी सचिवांवर डाफरले आणि मग तो बंद झाला.

काम असं होतं. कार्ड मशीनच्या पोटात बसवायचं. पण कार्ड नुसतं बसवून भागत नाही. युनिक्सला त्याच्याशी बोलताच येत नाही. मध्ये ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम लागतो, जो कार्डाचं म्हणणं युनिक्सला आणि युनिक्सचं कार्डाला सांगतो. हे ऐकून अध्यक्ष म्हणाले, म्हणजे ही मशीनंसुद्धा आतून आपल्या गावचीच. हा ड्रायव्हर युनिक्सच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, शिजवावा लागायचा. फाइलमध्ये कार्डाची माहिती लिहायची, मग लिंक करायला लावायचं, मग चाळीस मिनिटं मशीन आतल्या आत करकरत बसायचं, मग ते बंद करून पुन्हा सुरू करायचं. त्या चाळीस मिनिटांत वीज गेली तर पहिले पाढे पंचावन्न.

नारळी पौर्णिमेला होड्या पुन्हा पाण्यात जाणार, त्याच्या आधीच्या आठवड्यात संचालक मंडळापुढे हे सगळं चालवून दाखवायचं, असं ठरलं. चाललं तर मी कायम. नाही चाललं तर मशीनं मुंबईला आणि मी खेडला. हे सचिवांनी मला फार गोड आवाजात सांगितलं.

डिझेलचं मशीन पहिल्याच दिवशी बोलायला लागलं. खोटं कशाला सांगू, मी केबिनचं दार लावून एक उडी मारली. दुसऱ्या दिवशी बर्फाचं मशीनही बसवलं आणि एका बाजूने त्याचं लिंकिंग लावून दिलं. तेवढ्यात अध्यक्षांनी चहाला सगळ्यांना जमवलं आणि मला म्हणाले, हे काय आहे ते सगळ्यांना समजावून सांग. आणि तिथे मी माती खाल्ली.

समजावताना मी इंटरप्टवर आले. इंटरप्ट म्हणजे कार्डाने मशीनला मारलेली हाक. निरोप आला की कार्ड हाक मारतं, मशीन हातातलं काम सोडून त्याच्याकडे बघतं. प्रत्येक हाकेला नंबर असतो. कार्डावर टाचणीएवढ्या पिनांच्या जोड्या असतात, दोन, तीन, चार, पाच, सात अशा. ज्या जोडीवर इवलीशी काळी टोपी बसवाल, तो त्या कार्डाचा नंबर. तोच नंबर ड्रायव्हरलाही सांगायचा, नाहीतर कार्ड हाक मारणार एका दाराशी आणि ड्रायव्हर कान लावून बसणार दुसऱ्या. इथवर ठीक होतं. मग कोणीतरी विचारलं, दोघांनी एकदम हाक मारली तर? मी म्हटलं, ज्याचा नंबर लहान त्याची हाक मशीन आधी ऐकतं, पालखीला पहिला मान कोणाचा ते ठरलेलं असतं ना, तसंच.

बर्फवाल्या काकांनी बशी खाली ठेवली आणि अगदी सहज विचारलं, की डिझेलच्या कार्डाला कितवा नंबर दिलास? मी सांगितलं, तीन. आणि बर्फाच्या? पाच. का पाच, तर बर्फाच्या मशीनला तीन नंबरवर आधीच धक्क्यावरचा टर्मिनल, म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड, जोडलेला होता, दोघांना एक नंबर चालत नाही. हे कारण मी सांगितलंही. पण तोवर ऐकणारं कोणी उरलं नव्हतं. डिझेलवाले काका मिशीतल्या मिशीत हसत होते.

दुसऱ्या दिवशी बर्फाचं मशीन मुकं. नुसतं मुकं नाही. नेटवर्क सुरू केलं की धक्क्यावरचा टर्मिनलही गप्प. मी ड्रायव्हर पुन्हा शिजवला. चाळीस मिनिटं. मुकंच. पुन्हा शिजवला. तिसऱ्या दिवशी चांगलं चाललेलं डिझेलचं मशीनही मुकं झालं. मुंबईला ट्रंककॉल लावला. तो माणूस खरखरीतून ओरडला की ड्रायव्हर परत लिंक करा. मी परत लिंक केले. ऑफिसातले लोक जाता-येता विचारायला लागले, शिजला का? जणू मी भात टाकून बसले होते. मी फाइल तपासायचे, एक-एक अक्षर बोट ठेवून वाचायचे. सगळं बरोबर. म्हणजे चूक माझी. दोन प्रकरणं वाचून नोकरी मिळवली, आता तिसरं प्रकरण उगवलंय, असं वाटून मला आत्याकडे घास गिळवेना. आत्या म्हणायची, बांगडा कडू लागला का? मी म्हणायचे, नाही, युनिक्स कडू लागतंय.

झाकण उघडून बघावं, हे मला आठ दिवस सुचलं नाही. कारण आतली टोपी मी स्वतः बसवली होती. तिला पाय फुटतील असं कोणाच्या मनात येईल?

नवव्या दिवशी कार्ड मुंबईला पाठवायचं म्हणून मी बर्फाच्या मशीनचं झाकण काढायला गेले. चारपैकी तीन स्क्रू ओळखीचे निघाले. चौथा गंजलेला, जाडाभरडा, बर्फ फोडायच्या यंत्राचा होता, जबरदस्तीने पिळून घातलेला. झाकण काढलं. टोपी तीन नंबरवर. मी धावत डिझेलच्या मशीनकडे गेले, तेही उघडलं. तिथे टोपी दोनवर.

आधी बर्फवाल्या काकांना विचारलं. त्यांनी नाही म्हटलंच नाही. चिमट्याने टोपी उचलली आणि तीनवर ठेवली, पाच नंबर आमच्या घराण्याला आजवर कोणी दिला नव्हता, असं त्यांनी मला सरळ सांगितलं. डिझेलवाल्या काकांना विचारलं, तर त्यांचंही उत्तर तयार होतं. बर्फवाला तीनवर आल्याचं त्यांना कळलं. आता त्याच्याच पंगतीला कसं बसणार, म्हणून ते दोनवर गेले. हा सगळा कारभार दोघांनी एकमेकांशी एक अक्षर न बोलता केला होता.

माझं डोकं फिरलं. माझ्या वडिलांपेक्षा मोठी माणसं, पण मी दोघांना अंगणात उभं करून असं काही झापलं की डागडुजीला बसलेले खलाशी जाळी सोडून बघायला लागले. नऊ दिवस मी स्वतःला गाढव समजत होते, हे सांगितलं. मशीनं वेगळी-वेगळी आहेत, एकाच्या तीनचा दुसऱ्याच्या दोनशी काडीचा संबंध नाही, हेही सांगितलं. शेवटी हेही बोलून गेले, की हे चाललं नाही तर माझी नोकरी जाणार आणि मला खेडला जाऊन बसावं लागणार. बोलता-बोलता रडू आलं. त्याचा मला अजून राग येतो.

दोघंही खाली मान घालून ऐकत होते. मग बर्फवाले काका हळूच म्हणाले, "बाय, तुझी नोकरी येगळी. मान येगळा."

त्या रागातच मी केबल तपासत बसले आणि तिथे मला या मानापमानावरची तोड सापडली. त्या काळ्या केबलला दोन टोकं. दोन्ही टोकांना पितळी बूच लावावं लागतं, त्याला टर्मिनेटर म्हणतात. त्यातलं एक जरी काढलं, तरी एका मशीनचं नाही, सगळ्यांचंच बोलणं बंद. केबल अशी ओढलेली होती की एका टोकाला बर्फ, दुसऱ्या टोकाला डिझेल आणि मध्ये सचिव. सचिव देशावरचे, त्यांना पालखीचा प्रश्न नव्हता. मी टोप्या परत तीन आणि पाचवर नेल्या, नेटवर्क चालू केलं, मग दोघांना बोलावलं आणि म्हटलं, नंबर-बिंबर सगळं झूट. अख्खं नेटवर्क या दोन बुचांच्या खांद्यावर आहे. बर्फवाल्यांनी विचारलं, यातलं पहिलं टोक कोणतं? मी म्हटलं, पहिलं नाहीच. दोन्ही सारखी. पाहिजे तर काढून बघा. त्यांनी काढलं, सगळं बंद पडलं. डिझेलवाल्यांनी काढलं, सगळं बंद पडलं. दोघांच्याही चेहऱ्यावर समाधान आलं. तीन आणि पाचवरच्या टोप्यांकडे कोणी ढुंकूनही बघितलं नाही.

नेटवर्क चालू राहिलं. पिंग नावाचा एक आदेश असतो. तो दुसऱ्या मशीनला विचारतो, आहेस का, आणि ते उत्तर देतं, आहे. सचिवांच्या मशीनवरून मी विचारायचे आणि दोन्हीकडून उत्तरं ओळीने खाली यायची. मी ती तासन् तास बघत बसायचे.

फक्त एक झालं. बर्फवाले काका संध्याकाळी घरी जाताना आपलं बूच काढून, रुमालात बांधून घेऊन जायला लागले. गावात देवीची चांदीची रूपं, म्हणजे मुखवटे, मानकऱ्याच्या घरी जपून ठेवतात, तसंच. सकाळी येऊन, हात धुऊन, लावायचे. दोन दिवसांत डिझेलवालेही बूच घरी न्यायला लागले. मी म्हटलं, नेऊ देत. रात्री कोण पिंग करणार आहे?

दाखवायचा दिवस आला. पाऊस धो-धो. केबिनमध्ये सात संचालक, अध्यक्ष, सचिव आणि त्या सगळ्यांच्या ओल्या छत्र्या. मी आदेश दिला. उत्तर नाही. पुन्हा दिला. नाही. डिझेलकडूनही नाही, बर्फाकडूनही नाही. एका संचालकांनी घड्याळाकडे बघितलं. माझ्या डोक्यात एकच आलं, ड्रायव्हर. सरळ विचार करायची ताकदच गेली होती. मी फाइल उघडली, बघितली, बंद केली आणि लिंकिंग लावून दिलं. आता चाळीस मिनिटं लागतील, असं म्हणाले. सचिवांनी चहा मागवला आणि माझ्याकडे अशा दयेने बघितलं की मी मनातल्या मनात खेडची गाडी पकडली.

केबिनच्या खिडकीतून अंगण दिसायचं. समोर बर्फाच्या खिडकीत बर्फवाले काका धुतलेली टोपी घालून, ताठ बसले होते. एक हात खिशात. मला नंतर कळलं, की त्या दिवशी त्यांनी बूच मुद्दाम लावलं नव्हतं. कार्याच्या दिवशी मानकऱ्याला बोलवायला माणूस यावा लागतो, तेव्हा तो उठतो. सकाळपासून कोणीच आलं नव्हतं. मला काय माहीत? मी ड्रायव्हर शिजवत होते.

पण एका माणसाला ते बरोबर कळलं, कारण त्यांच्या जागी तो असता तर त्यानेही हेच केलं असतं. डिझेलवाले काका आपल्या खिडकीतून बाहेर आले. छत्री न घेता, भर पावसात अंगणाच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि सात शिमग्यांनंतर पहिल्यांदा बर्फाच्या खिडकीकडे बघून बोलले.

"चल, उठ. लाव तुझा खांदा. पोरीची नोकरी जाते."

बर्फवाले काका उठले. खिशातून रुमाल काढला, गाठ सोडली आणि मशीनच्या मागे वाकले. थोड्या वेळाने त्यांचं डोकं वर आलं आणि तेही म्हणाले, "लावलाय. तुझा घट्ट हाय ना?"

मी लिंकिंग तोडलं आणि पिंग केलं. दोन्हीकडून उत्तरं यायला लागली. संचालकांनी टाळ्या वाजवल्या. मग डिझेलच्या खिडकीतून पाठवलेला निरोप बर्फाच्या पडद्यावर उमटला, तेव्हा पुन्हा वाजवल्या. अध्यक्ष मात्र टाळ्या वाजवत नव्हते. ते खिडकीशी उभे राहून अंगणाकडे बघत होते. सगळे गेल्यावर मला म्हणाले, "ते दोघं बोलले. मग आता मशीनं कशाला हवीत?"

आपण जिंकलो आणि त्याच मिनिटाला आपली गरज संपली, हे मला फार लागलं. त्या रात्री आत्याने विचारलं कसं झालं, तर मी म्हटलं, उत्तम, आणि पांघरूण डोक्यावर घेतलं.

सकाळी अध्यक्षांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. मी कोपऱ्यात मशीनशी बसले होते. अध्यक्षांनी बर्फवाल्यांना विचारलं, आता बोलता ना तुम्ही? बर्फवाले काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी? याच्याशी? जल्मात नाय." मग डिझेलवाल्यांना विचारलं, काल अंगणात उभं राहून बोललात ते? डिझेलवाले काका म्हणाले की काल ते पावसाशी बोलले. आणि दोघं एकमेकांकडे पाठ करून दोन दारांनी बाहेर गेले. अध्यक्ष बराच वेळ मिशी कुरवाळत बसले. तांडेल माणूस, वारा कुठून वाहतोय ते त्यांना कळलं नसेल असं मी तरी मानत नाही. मशीनं राहिली.

त्यानंतरचे महिने त्या दोघांनी अबोला असा काही पाळला की सात वर्षांत पाळला नसेल. आमच्या सगळ्यांसमोर एकमेकांच्या सावलीवरून जाणार नाहीत. सगळे निरोप मशीनवरून, अगदी 'पाऊस थांबला' हासुद्धा. पण बर्फ कारखान्याच्या मागे, भुश्श्याच्या ढिगाशी, दुपारी दोन कप चहा जायचा हे चहावाल्याने मला सांगितलं होतं.

कायम झाल्याचं पत्र माझ्या हातात पडलं त्या दुपारी मी ते घेऊन सरळ कारखान्याच्या मागे गेले. दोघं एकाच फळीवर बसले होते. मला बघताच धडपडून उठले आणि एकमेकांकडे पाठ करून उभे राहिले. डिझेलवाल्यांच्या हातातला चहा सांडला. मी म्हटलं, काका, मी कायम झाले. आता बोला.

"लेखी हाय?" बर्फवाल्यांनी पाठमोरंच विचारलं.

मी पत्र दिलं. त्यांनी ते सावकाश, ओठ हलवत वाचलं आणि डिझेलवाल्यांकडे दिलं. डिझेलवाल्यांनी मजकूर सोडून आधी शिक्का तपासला, मग सही, मग पत्र उलटं करून मागची बाजू. मग नीट घडी घालून मला परत केलं. बर्फवाले काका डिझेलवाल्यांकडे वळले, घसा साफ केला आणि सगळ्या बंदराला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आता सांग. त्या सालात वळणावर तुझ्या भावाने खांदा मुद्दाम लावला का नाय?"

आणि जे भांडण जुंपलं ते थेट संध्याकाळपर्यंत. मी केबिनमध्ये येऊन बसले, पत्र मांडीवर ठेवलं आणि ते ऐकायला केबिनच्या दोन्ही खिडक्या सताड उघडल्या.